हायड्रोजनसाठी थांबू, की बॅटरीची गाडी आत्ताच घेऊ?

पत्राचा सारांश : बडोद्यात अकोट्याला राहणाऱ्या एक वाचक लिहितात. वय ४९. मंजुसरच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अकाउंट्समध्ये नोकरी, जाऊन-येऊन रोज ४५ किलोमीटर, गाडी स्वतः चालवतात. पेट्रोलची गाडी १२ वर्षांची झाली. लिटरला १४ देते आणि हल्ली दर दोन महिन्यांनी गॅरेजचं तोंड बघते. वर्षातून दोनदा पुण्याला लेकीकडे जाणं असतं. लेक म्हणते, इलेक्ट्रिक घे. भावोजी रिफायनरीतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "बॅटरी हा मधला टप्पा आहे. चार-पाच वर्षं कळ काढ, हायड्रोजन येतोय. मग तुझी इलेक्ट्रिक भंगारवालासुद्धा घेणार नाही." सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये चार्जर बसवायला तोंडी नकार दिला आहे, आग लागेल म्हणून. शिवाय २०२४ च्या पुरात त्याच पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. त्यांचा प्रश्न एवढाच : थांबू का?

*

भावोजींपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हायड्रोजन बडोद्याला नवा नाही. कोयलीच्या रिफायनरीत डिझेल-पेट्रोलमधलं गंधक काढायला तो लागतो. फर्टिलायझरनगरच्या कारखान्यात अमोनिया बनतो तोही हायड्रोजनपासूनच. ज्या माणसाची नोकरी या वायूच्या पाइपलाइनींमध्ये गेली, त्याला हायड्रोजन म्हणजे रोजच्या पाहण्यातली गोष्ट. पण कारखान्यात पाइपमधून वाहणारा हायड्रोजन आणि अकोट्याच्या नाक्यावर गाडीत भरता येणारा हायड्रोजन यांच्यामध्ये बरंच काही उभं आहे. थांबायचं का, याचं उत्तर त्या मधल्या भागात आहे.

आधी गाडी. हायड्रोजनची गाडी म्हणजे इलेक्ट्रिकचा पर्याय, असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात ती इलेक्ट्रिकच असते. चाकं फिरवणारी मोटर तीच, ब्रेक दाबल्यावर वीज परत घेणारी छोटी लिथियम बॅटरीसुद्धा असते. फरक इतकाच की मोठ्या बॅटरीच्या जागी टाकी आणि फ्युएल सेल बसवलेला असतो. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन प्लॅटिनम लावलेल्या पडद्यापाशी भेटतात, वीज तयार होते आणि मागे पाणी ठिबकतं. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ९ किलो पाणी. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी ज्या गाडीतून संसदेत गेले ती टोयोटा मिराई याच जातीची. तिच्या तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर ती सहाशेच्या वर किलोमीटर जाते. गाडी म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही.

अडतं ते पंपावर. सीएनजीच्या रांगेत तुम्ही उभ्या राहिला असाल, निदान ती पाहिली तरी असेल. तिथे दाब २०० बार असतो. मिराईला ७०० बार लागतो. इतक्या दाबाने वायू भराभर कोंबला की टाकी तापते, म्हणून तो आधी उणे ४० अंशांपर्यंत गार करतात. हवा दमट असेल तर नोझलवर बर्फ धरतो आणि नोझल गाडीच्या तोंडाला चिकटून बसतो. मग तो सुटेपर्यंत थांबायचं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. शिवाय लागोपाठ चार-पाच गाड्या भरल्या की कॉम्प्रेसरला पुन्हा दाब जमवायला वेळ लागतो. "पाच मिनिटांत टाकी फुल" हे खरं आहे, फक्त ते पहिल्या गाडीचं असतं.

दुसरी अडचण भावोजींना एका वाक्यात पटेल : शुद्धता. फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर प्लॅटिनम निकामी होऊ लागतं. गंधकाची मर्यादा त्याहूनही कडक. नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन इतका स्वच्छ करता येतो, पण त्याची यंत्रणा वेगळी, तपासणी वेगळी आणि खर्चही वेगळा.

तिसरी गोष्ट विजेचा हिशेब. हायड्रोजन जमिनीतून निघत नाही, निदान आज आपण वापरतो तो नाही. तो बनवावा लागतो. पाणी फोडून एक किलो काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते, दाबायला आणि गार करायला आणखी ३ ते ५. त्या एका किलोवर गाडी साधारण ११० किलोमीटर जाते. तेवढंच अंतर बॅटरीची गाडी घरच्या प्लगमधून १८ युनिटांत कापते. म्हणजे तिप्पट वीज. उद्या फ्युएल सेल कितीही स्वस्त झाला तरी हा फरक फारसा कमी होणार नाही. वीज, मग वायू, मग पुन्हा वीज, अशा प्रत्येक वळणावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते.

प्रदूषणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक सोयीचं तेवढंच बोलतात. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने बॅटरीच्या गाडीचे १०० किलोमीटर म्हणजे ११ किलो. नैसर्गिक वायूपासूनच्या हायड्रोजनवर, दाबण्याची वीज धरून, जवळपास तेवढंच पडतं. तुमच्या पेट्रोल गाडीचं १६ किलो. आणि ग्रिडच्याच विजेने पाणी फोडून हायड्रोजन केला तर ३५! पेट्रोलच्या दुप्पट. "हिरवा" हा शब्द हायड्रोजनच्या मागे लागतो तो सौर, पवन अशा अक्षय ऊर्जेने केला तरच. छतावर सोलर असेल तर तोच हिरवेपणा बॅटरीच्या गाडीला एक तृतीयांश विजेत मिळतो.

आता भंगाराच्या भीतीकडे वळू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात खोल गृहीतक मला तेच वाटतं : दोनातलं एकच तंत्रज्ञान टिकणार आणि हरलेल्याची गाडी बसून राहणार. गाडी बसून राहते ती तिचं इंधन मिळेनासं झालं की. बाहेर हे घडलं आहे, पण नेमकं उलट्या बाजूने. कॅलिफोर्नियात हायड्रोजनच्या गाड्या हजारोंनी विकल्या गेल्या. मग भाव किलोला ३६ डॉलरच्या घरात गेला आणि २०२४ मध्ये शेलने तिथले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. ज्यांच्या घराजवळचा पंप गेला त्यांची धडधाकट गाडी दारात शोभेला. बॅटरीच्या गाडीचा पंप म्हणजे भिंतीतला १६ अँपिअरचा प्लग. उद्या शहरात हायड्रोजनचे शंभर पंप निघाले तरी त्या प्लगमध्ये वीज येतच राहणार.

मग सरकार हायड्रोजनवर पैसा कशाला घालतंय? जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी मिळाली, ती मुख्यतः खत, रिफायनरी, पोलाद अशा उद्योगांचा विचार करून. तिथे हायड्रोजनला सोपा पर्याय नाही. वाहनांसाठी मार्च २०२५ मध्ये प्रायोगिक प्रकल्प जाहीर झाले : एकूण ३७ वाहनं, ९ पंप. मार्गांमध्ये अहमदाबाद–बडोदा–सुरत आहे, त्यामुळे महामार्गावर हायड्रोजनचं वाहन तुम्हाला दिसूही शकेल. पण ती ३७ च्या ३७ वाहनं बस आणि ट्रक आहेत. त्यातली २२ तर फ्युएल सेलचीही नाहीत, इंजिनात हायड्रोजन जाळणारी आहेत. मोटार एकही नाही. अवजड ट्रकला ठरलेल्या मार्गावर एकाच पंपावर रोज भरता येतं, म्हणून तिथे हिशेब कदाचित जमेल. भावोजी ट्रकबद्दल बोलत असतील तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

आणि थांबणं फुकट नाही. तुमचा हिशेब मांडून पाहू. वर्षाला सुमारे १४,००० किलोमीटर, त्यातले २,२०० पुण्याचे. १४ च्या ॲव्हरेजने १,००० लिटर, लिटरला ९५ रुपये धरले तर ९५,००० रुपये. बॅटरीच्या गाडीला शहरात किलोमीटरला ०.१६ युनिट लागतात. ११,८०० किलोमीटरला १,८९० युनिट, घरचा दर सगळं धरून साडेसात मानला तर १४,२०० रुपये. पुण्याच्या फेऱ्या महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर, तिथे २२ रुपये युनिट धरा : आणखी ८,२०० रुपये. एकूण साडेबावीस हजारांच्या आत. वर्षाला ७२,००० चा फरक, पाच वर्षांत साडेतीन लाखांच्या वर, गॅरेज वेगळं. दर तुमच्या बिलातले घालून हे गणित पुन्हा करा, फरक थोडा हलेल, बाजू बदलणार नाही. गाडी तीन वर्षांनी पंधराची होईल, तेव्हा फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण आहेच.

मात्र रोज १०-१५ किलोमीटरच फिरणाऱ्या वाचकांनी हे गणित जसंच्या तसं उचलू नये. त्यांची जुनी गाडी धड असेल तर ती चालवत राहणंच स्वस्त. आणि ज्यांना रात्री गाडीपाशी प्लग मिळण्याची शक्यताच नाही, पोळातल्या (जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतल्या) किंवा रस्त्यावर गाडी लावणाऱ्या मंडळींना, मी आज सीएनजी किंवा हायब्रिड सुचवेन. सतत बाहेरच्या चार्जरवर विसंबलं की स्वस्ताईही जाते आणि रविवारही.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत : थांबू नका. पण बुकिंगच्या आधी पार्किंगचा प्रश्न सोडवा. गाडी कुठली, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

सेक्रेटरींची आगीची भीती हसण्यावारी नेऊ नका. घरच्या चार्जिंगमध्ये आधी वितळतो तो सॉकेट. गीझर अर्धा तास चालतो, गाडी तासन् तास १३-१५ अँपिअर ओढत राहते. ढिला स्क्रू, ॲल्युमिनियमच्या वायरीचा सांधा, एक्स्टेन्शन बोर्ड, यातलं काहीही असलं की तिथे उष्णता साठते. म्हणून त्यांच्याकडे तोंडी जाऊ नका. लेखी अर्ज द्या आणि त्यात हे लिहा : वायर माझ्याच मीटरपासून माझ्याच जागेपर्यंत, कंड्युटमधून, मध्ये एकही सांधा नाही. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ए टाइप आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच), धातूच्या पेटीतला इंडस्ट्रियल सॉकेट. खर्च माझा, आणि परवानाधारक वायरमनचा तपासणी अहवाल सोबत. केंद्राच्या चार्जिंगविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये घरच्या चालू वीजजोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे, हेही नम्रपणे नमूद करा. सेक्रेटरींना नकारापेक्षा जबाबदारी नको असते. ती तुम्ही लेखी घेतलीत की बहुतेकदा सूर बदलतो.

७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर तुम्हाला लागेलच असं नाही. रोजचे ४५ किलोमीटर म्हणजे ७ युनिट, साध्या प्लगवर सव्वादोन तास. मोठा चार्जर हवाच असेल तर ६ चौरस मिलिमीटर वायर, अंतर २० मीटरच्या वर गेलं तर १०, आणि ४० अँपिअरचा एमसीबी. शिवाय एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे लोड वाढवून घ्यावा लागेल, कदाचित थ्री फेजही. अर्थिंग मात्र दोन्हीकडे कडक हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ५ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. मे महिन्यात जमीन सुकली की जुना अर्थपिट हमखास दगा देतो आणि लोक चार्जर बदलत बसतात. आधी पिटात पाणी घालून बघा.

पूर. बडोदेकरांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि शोरूममध्ये त्याचं उत्तर "बॅटरी वॉटरप्रूफ आहे" एवढंच मिळतं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. विश्वामित्री नदी अर्ध्या तासात उतरत नाही. त्यामुळे सॉकेट आणि एमसीबीची पेटी २०२४ च्या पाण्याच्या रेघेच्या किमान दोन फूट वर बसवा. रेघ पुसली गेली असेल तर वॉचमनला विचारा, त्याला आठवत असेल. आजवा सरोवराची पातळी वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या की गाडी ८० टक्के चार्ज करून उंच जागी हलवा, एखाद्या नातेवाइकाच्या चढावरच्या सोसायटीत वगैरे. आधी बोलून ठेवलेलं बरं. तरीही गाडी बुडालीच तर बटण दाबू नका, प्लग लावू नका. उचलून सपाट ट्रकवरच न्यायला सांगा, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. आणि कंपनीने तपासेपर्यंत ती इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. मिठाळ, गढूळ पाणी आत शिरलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. विमा घेताना बॅटरी आणि चार्जरचं पाण्याने झालेलं नुकसान त्यात आहे का, ते पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगा. एजंटच्या "हो हो, सगळं आहे" वर जाऊ नका.

गाडी निवडताना : तुमच्या वापराला ४५ युनिटांच्या आसपासची बॅटरी पुरे. ती एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का ते विचारा. आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात ती जास्त सोशीक. एक गंमत लक्षात ठेवा : एलएफपी आठवड्यातून एकदा १०० टक्के भरावी लागते, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा चुकू लागतो आणि १२ टक्के दाखवत असतानाच गाडी अंग टाकते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकार असेल तर रोज ८० वर थांबवा. दोन्ही प्रकार पूर्ण भरून भर उन्हात दिवसभर उभे करू नका. बॅटरीची वॉरंटी साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, पण किती टक्के क्षमता उरली तर बदलून देणार हा आकडा वॉरंटीच्या कागदात शोधा. रीसेलची धाकधूक फारच असेल तर बॅटरी भाड्याने मिळणारी योजना आहे, हलोलला बनणाऱ्या एका गाडीने ती आपल्याकडे आणली. त्यात दरमहा किमान किती किलोमीटरचं भाडं भरावंच लागतं ते आधी वाचा. आणि साधी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. इलेक्ट्रिक गाडी सकाळी "मेली" की पुष्कळदा गुन्हेगार ती असते, मोठी नव्हे. चौथ्या वर्षी तिला मुकाट्याने बदला.

पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. घरून १०० टक्के घेऊन निघा, महामार्गावर अशा गाडीची खरी धाव २६०-२८० धरा, कागदावरचा आकडा विसरा. वापीच्या आसपास पहिला थांबा, पनवेलच्या अलीकडे दुसरा, प्रत्येकी ८० टक्क्यांपर्यंत. पन्नास-साठ किलोवॉटच्या चार्जरवर ४० ते ५० मिनिटं. ८० च्या पुढे चार्जिंग मंदावतं, तिथे चहा गार होईपर्यंत बसून राहण्यात अर्थ नाही. खंडाळ्याचा घाट चढायला नेहमीपेक्षा तीन-साडेतीन युनिट जास्त जातात, म्हणून पनवेल १५ टक्क्यांवर सोडायचं धाडस नको. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चार्जिंग ॲप आधीच घेऊन त्यांत पैसे भरून ठेवा. नेमका एक चार्जर बंद सापडतो.

छत सोसायटीचं असल्याने सोलर तुमच्या एकटीच्या हातात नाही. स्वतंत्र घर असलेल्या वाचकांना मात्र पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे, आणि तेवढ्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी १२ युनिट निघतात. तुमच्यासारखा रोजचा प्रवास आणि वर घरचा फ्रिज, पंखे.

पहिल्या रात्री एवढं करा. चार्जिंग लावून एक तासाने खाली जा आणि प्लगला व सॉकेटच्या कडेला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर एमसीबी पाडा आणि वायरमनला सकाळी बोलवा. बहुधा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला निघेल. त्या वेळी सेक्रेटरींनाही सोबत खाली घेऊन गेलात तर उत्तम.